टायर बदलले आणि सस्पेन्शनचा दिवा लागला

लावालहून

नमस्कार मंडळी,
इथे क्वेबेकात विंटर टायरची सक्ती १५ मार्चला संपते, ती तारीख उलटून महिना झाला, आता बर्फ पुरे असं म्हणून परवा विंटर टायर उतरवले आणि समरचे घातले. घरी पोचतोय तोच डॅशबोर्डवर पिवळा दिवा आणि ‘सस्पेन्शन फॉल्ट’. गाडी दहा वर्षांची, एअर सस्पेन्शनवाली. सकाळी बघतो तर मागची डावी बाजू खाली बसलेली, डबक्यात म्हैस बसते तशी. गॅरेजवाला म्हणतो, आम्ही फक्त चाकं बदलली. कुणाला अनुभव आहे का? डिकीत मंडळाचं पाडव्याचं सामान अजून तसंच आहे, त्याचा भार तर नसेल?

वेस्ट आयलंडहून

अरे, हवा तपासलीस का? माझ्या समर टायरांत सेन्सरच नाहीत. दर एप्रिलला टायरच्या हवेचा दिवा लागतो, डिसेंबरात जातो. मी त्यावर काळी चिकटपट्टी लावून मोकळा झालोय.

ब्रॉसार्डहून

तो दिवा वेगळा, हा वेगळा. याच्यावर चिकटपट्टी लावू नकोस रे बाबा.

मी उमेदवारी केली दापोडीच्या एसटी वर्कशॉपात. तिथे बसना पाटे होते, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. पाट्यांना हवा लागत नाही. तुझ्या गाडीत त्यांच्या जागी रबरी फुगे आहेत. प्रत्येक चाकापाशी एक उंचीचा सेन्सर, त्याला बोटाएवढी दांडी, दांडीचं दुसरं टोक चाक धरणाऱ्या आर्मला. चाक वरखाली झालं की दांडी हलते, कंट्रोलर हवा भरतो किंवा सोडतो. म्हणून सामानाचा भार कारण नाही. भार पडला तर गाडी उलट स्वतःला वर उचलते.

लिफ्टवर चाकं अधांतरी लोंबली की कंट्रोलरला वाटतं गाडी फार उंच झाली, आणि तो हवा सोडत बसतो. काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही तो काही वेळ जागाच असतो. त्यासाठीच मेनूत ‘जॅक मोड’ असतो, चाक बदलण्याआधी चालू करायचा. गॅरेजवाल्याने केला होता का, विचार. एवढंच झालं असेल तर इंजिन चालू ठेव, दारं नीट लाव, दहा मिनिटं थांब आणि एक चक्कर मार. पण एकच कोपरा बसलाय म्हटल्यावर माझा संशय दांडीवर. इथल्या रस्त्यांवरचं मीठ खाऊन तिचे जोड आखडतात, आणि चाक पूर्ण खाली लोंबलं की निखळतात.

टेपने माप घे: चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत, चारही बाजूंना. जमिनीपासून नको, त्यात टायरची हवाही मोजली जाते. आणि काही झालं तरी गाडीखाली शिरू नकोस, चाक आणि कमानीच्या फटीत हात घालू नकोस. ही गाडी न सांगता खाली बसते.

लावालहून

काका, मागे उजवीकडे ४४ सेंमी, डावीकडे साडेएकोणचाळीस. पुढची दोन्ही सारखी. जॅक मोड कुणी लावलाच नव्हता. हे काय असतं, असं त्यानेच मला विचारलं.
हात घालायचा नाही म्हणालात, म्हणून फोन गुढीच्या काठीला बांधून आत सरकवला (देवा, माफ कर). फोटो जोडलाय. दांडीचं खालचं टोक सुटून लोंबतंय, जोडाची वाटी फुटलीय, आणि कडेला पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतंय.

ब्रॉसार्डहून

सापडलं. फुगा बदलायला सांगितलं तर ऐकू नकोस, फक्त दांडी मागव. तेवढ्याच लांबीची मिळाली तर कॅलिब्रेशनची, म्हणजे उंची पुन्हा जुळवून घेण्याची, सहसा गरज पडत नाही. सेन्सरच बदलला तर स्कॅनर लागतो. दांडी येईपर्यंत गाडी पळवू नकोस. फुग्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर विनाकारण धावून तापतो, आणि तो जळला की मग खरा खर्च.

लावालहून

आज दुसऱ्या गॅरेजात दांडी बसवली, वीस मिनिटांचं काम. इंजिन चालू केलं तसा मागून मिक्सरसारखा आवाज आला आणि कोपरा हळूहळू वर उचलला गेला. दिवा रस्त्यातच विझला. ८० किलोमीटर चालवून चाकांचे बोल्टही पुन्हा आवळून घेतले.

गुढीची काठी, दोन पाट आणि समया अजून माझ्याच डिकीत आहेत. ज्यांच्या असतील त्यांनी रविवारी येऊन घेऊन जा. काठीला थोडं ग्रीस लागलंय.