पुण्याहून एका दिवसात दिवेआगर आणि परतताना ताम्हिणीत जेवण: आठ जणांचं गणित कसं बसवावं?

कोथरूडकर_८

डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी एका दिवसात जाऊन यायचं आहे. एकूण आठ जण: चार मोठे, दोन ज्येष्ठ (एकांना मधुमेह, एकींचे गुडघे दुखतात) आणि सात व दहा वर्षांची दोन मुलं. धाकट्याला घाटात मळमळतं. सकाळी समुद्र आणि दुपारी डोंगरात चुलीवरचं जेवण अशी कल्पना आहे. मुक्काम करायचा नाही. प्रश्न असे:

१. आधी समुद्र की आधी डोंगर?
२. निघायचं किती वाजता?
३. जेवण आधी सांगून ठेवावं लागतं का, आणि किती सांगावं?
४. दोन गाड्या न्याव्यात की एकच मोठी भाड्याने घ्यावी?

घाटवाट

आधी समुद्रच. उलटा क्रम घेतलात तर डोंगरात सकाळी आठला पोचाल, तेव्हा जेवायची वेळ झालेली नसते. समुद्रावर पोचेपर्यंत डोक्यावर ऊन येतं आणि घाट अंधारात चढावा लागतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. ताम्हिणीत रस्त्याला दिवे नाहीत, बऱ्याच भागात मोबाइलला रेंज नाही आणि गुरं रस्त्यावर बसलेली असतात. म्हणून समुद्रावरचा सूर्यास्त या सहलीतून वगळा. तो पाहायचा असेल तर मुक्काम करा, दोन्ही एका दिवसात बसत नाही.

चांदणी चौकातून पौड, मुळशी धरण, ताम्हिणी, विळे, निजामपूर, माणगाव, साई, म्हसळा, बोर्ली पंचतन आणि दिवेआगर. कोथरूडहून एका बाजूचं अंतर 155 ते 160 किमी धरा. न थांबता चार तास, मुलं आणि ज्येष्ठ बरोबर असताना साडेचार.

वेळापत्रक मागून पुढे मांडा. सहाच्या आत घरी यायचं, तर जेवून पावणेचारला उठायला हवं. म्हणजे पानावर बसायचं अडीच-पावणेतीनला. दिवेआगर ते घाटमाथा अडीच ते पावणेतीन तास लागतात, म्हणजे किनारा बाराला सोडायचा. तिथे तीन तास हवे असतील तर नऊला पोचा, आणि त्यासाठी घर साडेचारला सुटलं पाहिजे. पाचला निघालात तरी दिवस निभावेल. सहाला निघालात तर वाळूवर जेमतेम दीड तास मिळेल, नाहीतर जेवण चारवर जाईल.

पहाटे घाट उतरताना धुकं असू शकतं. लांबचा दिवा लावला की धुकंच उजळतं आणि समोरचं काही दिसत नाही, त्यामुळे दिवा खालचाच ठेवा. उतार दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा. भरलेली गाडी सतत ब्रेकवर उतरवली की ब्रेक तापतात आणि शेवटच्या वळणांवर पकड कमी होते. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. टाकी पौड-पिरंगुटपर्यंत भरून घ्या.

रविवारी संध्याकाळी भूगाव-बावधनला हमखास कोंडी होते. तुम्ही कोथरूडचे असल्याने त्यातूनच जावं लागेल, तेवढा अर्धा तास हाताशी ठेवा. पिंपरी-चिंचवडकडच्यांनी घोटावडे फाट्यावरून माणमार्गे हिंजवडीला निघावं.

खाडीकाठ

वेळापत्रक ठीक आहे, पण त्याआधी तारीख ठरवा, आणि ती तिथी बघून ठरवा. नुसता रविवार बघून गेलात तर मुलांना पाण्याऐवजी सुरूच्या बनात बसावं लागेल.

कोकणातला जुना हिशोब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला आणि ओहोटी दुपारी बाराच्या आसपास. भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तास धरा. भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. या हिशोबात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण सहलीची तारीख निवडायला एवढं पुरतं. जायच्या आदल्या दिवशी त्या तारखेचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघून घ्या.

तुम्ही किनाऱ्यावर असणार नऊ ते बारा. या वेळात ओहोटी संपून पाणी वर येत असावं, हे सगळ्यात चांगलं. ओहोटीनंतर दिवेआगरची वाळू रुंद आणि टणक मिळते. गुडघे दुखणाऱ्यांना भुसभुशीत वाळूपेक्षा त्या ओल्या वाळूवर चालणं कितीतरी सोपं जातं. चढतं पाणी किनाऱ्याकडे ढकलतं, तर उतरतं पाणी आत ओढतं. हे गणित कुठल्याही पक्षाच्या चतुर्थी ते षष्ठीला जुळतं: ओहोटी नऊ ते सव्वादहाच्या दरम्यान आणि भरती तीन ते साडेचारला. पौर्णिमा-अमावास्या टाळा. तेव्हा उधाण असतं आणि पूर्ण भरती अकरा-बाराला, नेमकी तुमच्या वेळात येते. पाणी पुळणीच्या वरपर्यंत येतं आणि खेळायला पट्टा उरत नाही. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी, असल्याने पाणी शांत, पण सकाळभर ते उतरत असतं. मुलांना घोट्याच्या पुढे जाऊ देऊ नका.

वद्य चतुर्थी निवडताना एवढं ध्यानात घ्या की ती संकष्टी. दिवेआगरच्या सुवर्णगणेशाला त्या दिवशी गर्दी असते, आणि तुमच्यात कुणाचा उपवास असेल तर डोंगरातल्या जेवणाचा बेतच बदलतो. पंचमी घ्या.

किनाऱ्याच्या टोकाला जिथे ओढा किंवा खाडी समुद्राला मिळते, तिथे कुणी पाण्यात उतरू नये. वरून उथळ दिसतं, पण तळ सरकता असतो आणि ओढ जोरात असते. मोठ्यांपैकी एकाने फक्त मुलांवर लक्ष ठेवायचं आणि मोबाइल दुसऱ्याकडे द्यायचा. गाडी वाळूवर उतरवू नका. वरचा थर कोरडा असतो, चाक फिरलं की ते खाली भुसभुशीतात रुततं, आणि भरती कुणाची वाट पाहत नाही.

आणखी एक मोह होईल. दिवेआगरहून भरडखोल, शेखाडीमार्गे श्रीवर्धनला जाणारा समुद्रालगतचा रस्ता फार देखणा आहे. तो तुमच्या दिवसात बसत नाही. हरिहरेश्वर तर नकोच: तिथली प्रदक्षिणेची वाट ओहोटीतच करायची असते, आणि पायऱ्या व ओबडधोबड खडक दुखऱ्या गुडघ्यांना सोसणार नाहीत.

चूल_आणि_तवा

जेवण आधी सांगावंच लागतं, तेही दोनदा. आदल्या दिवशी कोंबडीसाठी आणि त्या दिवशी माणगावहून भाकरीसाठी.

गावरान कोंबडी मऊ शिजायला चुलीवर दीड तास सहज जातो. गेल्यावर सांगितलं तर एकतर तेवढं थांबाल, नाहीतर ब्रॉयलर पानात येईल. भाकरीचं गणित वेगळं. एका तव्यावर एका भाकरीला तीनेक मिनिटं लागतात. माणशी दोन म्हटल्या तरी सोळा भाकऱ्या, म्हणजे पाऊण तासाहून जास्त. आधी करून ठेवल्या तर गार होऊन चिवट होतात, तुम्ही बसल्यावर सुरू केल्या तर निम्मे जण ताटकळतात. म्हणून माणगावला पोचलात की खाणावळीला फोन करून 'सव्वा तासात येतोय' एवढं सांगा. निजामपूरच्या पुढे रेंजचा भरवसा धरू नका. तवे दोन ठेवायला सांगितलं तर उत्तम.

आठ जणांत सहा जण सामिष धरून अंदाज देते. कोंबडी साफ केलेली दीड किलो. सव्वा ते दीड किलो वजनाचा जिवंत पक्षी साफ करून आठशे ग्रॅम ते किलोभर भरतो, म्हणजे दोन कोंबड्या. किती नग ते सांगण्यापेक्षा साफ केल्यानंतरचं वजन सांगा, वाद होत नाही. पिठलं पाव किलो बेसनाचं, ते सगळेच खातात. भात इंद्रायणीचा, सहाशे ग्रॅम तांदूळ पुरे, आणि तो शेवटी टाकायला सांगा. इंद्रायणी चिकट असते, गरम असतानाच तिची चव, गार झाली की गोळा होतो. मुळशीचा आंबेमोहोर मिळत असेल तर तोच मागा. मुलांचा रस्सा तिखट घालण्याआधी वेगळा काढायला आदल्या दिवशीच सांगा, नंतर पाणी घालून तिखट मोडत नाही. शाकाहारी कुणी असेल तर भांडं आणि पळी वेगळी, हेही त्याच फोनवर.

मधुमेह असलेल्यांना पावणेतीनपर्यंत उपाशी ठेवू नका. साखर कमी करणारी गोळी घेऊन जेवण लांबलं तर साखर एकदम उतरू शकते. त्यांची पोळी-भाजी वेगळ्या डब्यात घ्या आणि साडेबाराला गाडीतच द्या. गोळीच्या वेळा त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा. बाकीच्यांनी सकाळी सातच्या सुमाराला माणगावला चहाबरोबर घरच्या दशम्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या खाव्यात आणि समुद्रावर साडेदहाला शहाळं, केळी. त्याहून जास्त नको, नाहीतर डोंगरातलं पान तसंच उरतं.

समुद्रावर मासे विकत घेऊन डोंगरात रांधायला द्यायची टूम निघेल. ती मोडून काढा. बंद गाडीत तीन तासांत मासा बिघडायला लागतो. न्यायचाच असेल तर माशाच्या वजनाइतका बर्फ, झाकणाचा थर्माकोलचा डबा आणि घरी गेल्यावर लगेच साफसफाई.

स्वतः चूल मांडायचा विचार असेल तर तोही सोडा. ताम्हिणी अभयारण्य आहे, जंगलात जाळ करायला मनाई आहे आणि डिसेंबरात गवत वाळलेलं असतं.

पैसे रोख न्या. रेंज नसली की मोबाइलवरून पैसे जात नाहीत.

स्टिअरिंग

गाडीबद्दल. आठ प्रवासी आणि चालक मिळून नऊ, म्हणजे सात आसनी गाडीत बसत नाही. मुलांना मांडीवर घेऊन घाट करू नका. एक बारा-तेरा आसनी ट्रॅव्हलर किंवा दोन गाड्या. माझं मत ट्रॅव्हलरच्या बाजूने आहे. साडेचारला निघून सहाला परतणं म्हणजे साडेतेरा तासांचा दिवस, आणि वाळूत खेळून, जेवून, वर घाट चालवणं घरच्या माणसाला जड जातं. जेवणानंतरचा तास झोपेचा असतो. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळीच हवी. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेतली आणि अपघात झाला, तर विम्याची भरपाई अडते. पुण्यात बाहेरगावच्या भाड्याला बहुधा दिवसाचे किमान 300 किमी धरतात. तुमचं जाऊन-येऊन 320 च्या आसपास होईल, म्हणून वरच्या किलोमीटरचा दर, चालकाचा भत्ता आणि पहाटेच्या वेळेचे जादा पैसे आधीच बोलून घ्या. चालकाचं जेवणही नऊजणांत धरा, वरच्या हिशोबात ते नाही. ट्रॅव्हलरची पायरी उंच असते, गुडघ्यांसाठी एक छोटं स्टूल बरोबर ठेवा.

दोन गाड्या नेल्यात तर थांबे आधी ठरवा: पौड, विळे, माणगाव. घाटात फोन लागत नाही, त्यामुळे 'पुढे कुठेतरी भेटू' म्हणून चालत नाही.

मळमळणाऱ्या मुलाला चालकाच्या मागच्या ओळीत, समोरचा रस्ता दिसेल असं बसवा. हातात मोबाइल किंवा पुस्तक नको. पोट रिकामं नको आणि तेलकटही नको. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून, घाट लागायच्या अर्धा-एक तास आधी. उलटी सुरू झाल्यावर दिलेली गोळी पोटात टिकत नाही. परतीला जेवणाची जागा खडी चढण संपल्यावर, निवे-ताम्हिणीच्या बाजूला निवडा. पुढे मुळशीच्या जलाशयाकडेने वळणं आहेतच, पण चढाव संपलेला असतो.

पाण्याचा वीस लिटरचा एक जार पाय धुवायला घ्या. अंगाला चिकटलेली वाळू कोरडी झाल्यावर टाल्कम पावडर लावून झटकली की सुटते, ओल्या टॉवेलने घासली तर त्वचा सोलवटते. आंघोळ आणि कपडे बदलण्यासाठी दिवेआगरात घरगुती निवास आहेत. तासाभरासाठी खोली मिळेल का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. बायकांची आणि ज्येष्ठांची मोठी सोय होते. त्यासाठी सव्वाअकराला पाण्यातून बाहेर या, आठ जणांना एका न्हाणीघरात पाऊण तास लागतोच.

कोथरूडकर_८

सगळ्यांचे मनापासून आभार. पंचमी बघून तारीख धरतो आणि ट्रॅव्हलरच करतो. दोन शंका उरल्या. एकाने अलिबाग आणि येताना खंडाळ्यात जेवण असं सुचवलंय, ते जास्त सोपं पडेल का? आणि ऐनवेळी ताम्हिणी बंद असला तर?

घाटवाट

अलिबागला जाताना द्रुतगती मार्गामुळे खोपोलीपर्यंत आराम आहे, ज्येष्ठांना हादरे कमी बसतात. पण रविवारी पेण-वडखळ आणि संध्याकाळी बोरघाटाची चढण, दोन्हीकडे अडकाल. पोहायचं तर नागाव, आक्षी किंवा वरसोलीला जावं लागेल, गावासमोरच्या किनाऱ्यावर चिखल आहे. आणि खंडाळ्यात चुलीवरचं निवांत जेवण रविवारच्या गर्दीत मिळणं कठीण. तुमच्या मनातली सहल ताम्हिणीचीच आहे.

डिसेंबरात घाट सहसा बंद नसतो. दरडी कोसळणं आणि रस्ता खचणं हे पावसाळ्यातलं, आणि जून ते सप्टेंबर ही सहल करूच नये, तेव्हा समुद्रही खवळलेला असतो. तरीही रस्त्याचं काम किंवा अपघात असू शकतो, म्हणून परतताना माणगावलाच चौकशी करा, विळ्यापर्यंत जाऊन मागे फिरू नका. बंद असेल तर माणगावहून मुंबई-गोवा महामार्गाने कोलाड, वाकण फाटा, पाली, खोपोली आणि वर लोणावळा. जेवण तासभर लांबेल, तेव्हा डोंगराचा हट्ट सोडून माणगावलाच जेवून घ्या. खाणावळीला मात्र तिथूनच फोन करा, त्यांची कोंबडी तोवर चुलीवर चढलेली असते. तिचे पैसे देणं तुमचं काम.

चूल_आणि_तवा

म्हणूनच निम्मे पैसे आदल्या दिवशी पाठवून ठेवा. खाणावळवाले निश्चिंत राहतात आणि ऐनवेळी बेत फिरला तर फोनवर अवघडल्यासारखं होत नाही. उरलेल्या निम्म्याची नोट सुटी न्या.