मेल्यानंतरची आशा: आधार की पळवाट?

सदरची लेक:
बाबांच्या मातीला आलेले एक शेजारी काका म्हणाले, "तुम्हा ख्रिस्ती लोकांना स्वर्गाची खात्री असते, म्हणून तुम्ही शांत राहता." बोलले मायेनंच, पण मला पटलं नाही. आम्ही कुठे शांत होतो? आई पेटीवर डोकं टेकून हंबरडा फोडत होती आणि पाळकसाहेबांनी तिला अडवलं नाही. योहानाच्या शुभवर्तमानात मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेपाशी येशू स्वतः रडतो, तेही त्याला उठवायच्या आधी. ख्रिस्त मेलेल्यांतून उठला, आपणही उठू, ही आमची आशा. ती अश्रू पुसून टाकत नाही, पण माझ्या जगण्याला अर्थ तिच्यामुळेच आहे. तुम्हाला काय वाटतं?

वर्धा रोडवाला:
ताई, आधार मिळतो म्हणून गोष्ट खरी ठरत नाही. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये स्कॉटलंडहून नागपूरला आले, शाळा काढली, १८६३ मध्ये टाकळघाटजवळ पुराच्या पाण्यात बुडाले. १८८३ मध्ये त्यांच्या नावानं कॉलेज निघालं, आजही तिथं पोरं शिकून राहिली. मागे काम उरतं, तोच जगण्याचा अर्थ. त्याला पुनरुत्थान कशाला पाहिजे?

सदरची लेक:
पण हिस्लॉप घरदार सोडून इतक्या लांब आले ते याच विश्वासापायी ना? आणि ज्यांच्या हातून काहीच काम झालं नाही त्यांचं काय? माझ्या बहिणीचं बाळ आठवडाभरही जगलं नाही. अर्थ कामातूनच येत असेल, तर त्या लेकराच्या वाट्याला काय आलं?

निळी पहाट:
जय भीम ताई. बाळाचं वाचून वाईट वाटलं. माझे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षेला होते. बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या त्या इथं कसं जगायचं याच्या. पुढच्या जन्मी भलं होईल असं सांगून आमच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या खाली ठेवलं, त्यामुळे मेल्यानंतरच्या कुठल्याही आश्वासनाची आम्हाला धास्तीच वाटते. मेलेलं लेकरू कडेवर घेऊन औषध मागत आलेल्या किसा गोतमीला बुद्धांनी कोणी मेलं नाही अशा घरातून मोहरी आणायला सांगितलं. तसं घर तिला सापडलं नाही. ते स्वीकारण्यातच सुटका आहे.

सदरची लेक:
जय भीम दादा. तुमची धास्ती रास्त आहे. चर्चमध्ये येऊनही लोकांनी जात पाळली, हे मी नाकारत नाही. किसा गोतमीचं दुःख मला कळतं. पण माझ्या बहिणीला नुसतं स्वीकारायचं नाहीये, तिला तिचं बाळ परत भेटायला हवं आहे. ही मागणी मला चुकीची वाटत नाही.

वर्धा रोडवाला:
मागणी चुकीची नाही, पुरावा कच्चा आहे. येशूची कबर रिकामी होती अशी साक्ष देणारे सगळे त्याला मानणारेच. विरोधातलं कोणी आहे का?

सदरची लेक:
पौल आहे. येशूला मानणाऱ्यांचा छळ करायला तो दिमिष्काला (दमास्कसला) निघाला होता. उठलेला येशू मला दिसला, असं तो स्वतः लिहितो. त्यापायी पुढे त्यानं फटके खाल्ले, कैद भोगली. ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास फुकट, हेही त्यानंच करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात लिहिलं. भाऊ, याचा उलगडा तुम्ही कसा करता?