वर्षाचं धान्य भरणं: परवडतं की नुसती हौस?

टिळकवाडीची सून
वैशाख लागला की सासूबाईंची बेळगावच्या रविवार पेठेतल्या खरेदीची यादी तयार. तांदूळ दोन पोती, शाळू (ज्वारी) एक, गहू एक, शिवाय डाळी, मूग, मिरची, चिंच. दोन खोल्यांच्या फ्लॅटात पोती पलंगाखाली. गेल्या श्रावणात मुगाचा डबा उघडला तर निम्म्या मुगाला भोकं आणि भुंगे भिंतीवर चढायला लागलेले. पाच किलो मूग टाकले. स्वस्तात घेतलेलं तिथंच गेलं. कोपऱ्यावर दुकान असताना हे बंद करावं, असं माझं मत.

खानापूरवाला
वहिनी, चूक मुगाची आणि शिक्षा तांदळाला? भुंगा शेतातच शेंगेवर अंडी घालतो, तुमच्या डब्याचा काय दोष? अख्खं कडधान्य वर्षाचं भरूच नये. तांदळाचं उलटं. नवा चिकट होतो, जुना मोकळा शिजतो. बेळगावी बासमती मुरल्याशिवाय आमच्या पानात येत नाही.

शहापूर पेठ
मुरवायला पोतं तुमच्याच घरात कशाला पाहिजे? दुकानदार जुना तांदूळ विकतो की.

खानापूरवाला
आणि भाव? जुन्याला जास्तच मोजावे लागतात. शिवाय २०२२ च्या जुलैपासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबलवाल्या धान्यावर ५ टक्के जीएसटी. २६ किलोची पिशवी उगाच आली नाही.

शहापूर पेठ
सुटं घ्या, त्यावर कर नाही. पाच किलो सुटं घेऊन कोण बुडालंय?

निपाणीचा पाहुणा
एवढा वाद कशाला? पोत्यात गोळी टाकायची, किडा फिरकत नाही.

वडगावची मावशी
अरे बाबा, पलंगाखाली पोतं आणि त्यात ती गोळी? ॲल्युमिनियम फॉस्फाइड आहे ते. हवेतल्या ओलाव्यानं विषारी वायू सुटतो, झोपेतच माणूस जातो. गोदामात जाणकारांनी वापरायची वस्तू ती. घरात आणूच नका.

आता शाळूचं सांगते. दोन दिवस कडक ऊन द्यायचं, पण उन्हातून उचलून थेट पिंपात भरायचं नाही. मी एकदा घाईनं भरलं. सकाळी झाकणाला आतून घाम आणि वरचा थर कुबट. रात्रभर चादरीवर पसरून गार होऊ द्या, मग भरा. पिंप फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब. तूरडाळीला एरंडेलाचा हात. रवा मात्र महिन्यापुरताच, तोही भाजून.

मिरची मे महिन्यातच घ्या. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. देठाजवळ वाकवून बघायची. कट्ट मोडली तर डंकावर कुटायला न्या, नुसती वाकली तर परत उन्हात. पाऊस लागल्यावर खानापूर भागात कपडे वाळत नाहीत, मिरची काय वाळणार?

शहापूर पेठ
मावशी, दोन दिवस ऊन द्यायला गच्ची पाहिजे. आमच्या अपार्टमेंटात गच्चीला कुलूप असतं.

टिळकवाडीची सून
आमच्याकडेही. बरं, मूग यापुढं किलोकिलोनं, मिरची आणि तांदूळ भरू. पण एक शाळूचं, एक गव्हाचं आणि ही तांदळाची दोन पोती फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवायची म्हणजे पलंग कुठं हलवायचा, ते सांगा की ओ कुणीतरी!