ट्रेलरच्या बाथरूममधला वास काही केल्या जात नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही अमेरिकेत फिनिक्सला राहतो. वर्षभरापूर्वी जुना, २४ फुटी ट्रेलर (गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर) घेतला. ऑक्टोबरमध्ये आई-बाबा साताऱ्याहून येतायत आणि ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमला, ट्रेलर व्हिलेज या ट्रेलरतळावर चार रात्री राहायचं ठरलंय. आईला जरा दर्प आला तरी मळमळतं, म्हणून त्याआधी हा वास घालवायचाच आहे.

वास दोन तऱ्हांचा आहे. एक सरळ संडासाचा. फ्लशचं पेडल दाबलं की भपकन वर येतो, छपरातला पंखा चालू असेल तर जास्तच. दुसरा तुंबलेल्या मोरीसारखा. लांबचा प्रवास करून मुक्कामी पोचलो की सिंकपाशी येतो आणि नळ वापरायला लागलो की कमी होतो. जुलैच्या उन्हात ट्रेलर उभा होता, तेव्हा तर दार उघडवत नव्हतं.

संडासाच्या टाकीत बाजारातलं केमिकल दुप्पट टाकून पाहिलं, एकदा ब्लीचही ओतलं. दोन दिवस बरं, मग परत तेच. ही टाकी, म्हणजे ब्लॅक टँक, रिकामी केली तरी सेन्सर ती दोन-तृतीयांश भरलेली दाखवतो. सांडपाण्याची जोडणी मिळते तिथे आम्ही ब्लॅक आणि ग्रे (सिंक-मोरीच्या पाण्याचा) अशा दोन्ही टँकचे व्हॉल्व्ह उघडेच ठेवतो आणि पाणी अगदी जपून वापरतो.

टँकच बदलावा लागेल का? अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:
ताई, टँक बदलू नका. ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवलात की पाणी वाहून जातं आणि घट्ट मैला तळाशी साचून वाळतो. सेन्सर बहुधा त्यामुळेच चुकतोय. व्हॉल्व्ह बंद करा, टँक अर्ध्याहून जास्त पाण्याने भरा, ट्रेलर थोडा फिरवून आणा आणि मग व्हॉल्व्ह उघडून टँक रिकामा करा. स्वच्छ पाणी येईपर्यंत हेच परत परत करा, तीन-चार वेळा तरी लागेल. पुढे टँक दोन-तृतीयांश भरल्यावरच सोडायचा. आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे पाइपही धुऊन निघतो. आणि फ्लशला भरपूर पाणी घ्या, काटकसर दुसरीकडे करा.

ब्लीच पुन्हा नको. लघवीतल्या अमोनियाशी मिसळून विषारी वायू होतो. एन्झाइमवालं औषध वापरा.

पंखा आतली हवा बाहेर खेचतो, तिची जागा टँकमधली हवा घेते. पेडल दाबण्याआधी तो बंद करा. सिंकखालच्या वाकड्या पाइपातलं पाणी प्रवासात हिंदकळून जातं. पोचल्याबरोबर प्रत्येक मोरीत पेलाभर पाणी ओता. फोडणीचं तेल कागदाने पुसूनच भांडी धुवा, ग्रे टँकचा वास त्यानेच वाढतो.

एक सांगा, रात्री संडासाच्या भांड्यात ठेवलेलं पाणी सकाळी असतं का?

धागाकर्ती:
नाही हो, सकाळी भांडं कोरडं असतं! ते पाणी मुद्दाम ठेवायचं असतं हेच माहीत नव्हतं.

प्रतिसाद:
मग भांड्याच्या तळाचं रबरी सील गेलंय. पाणी टिकत नाही, म्हणजे वासाला वाट मोकळी. मॉडेल नंबर बघून नवीन मागवा, घरी बसवता येतं.

धागाकर्ती:
खूप आभार. सील आजच मागवते, टँक शनिवारी धुऊन काढतो. काय होतंय ते इथेच लिहीन.