लिव्हरचा रिपोर्ट नॉर्मल, तरी जीव थाऱ्यावर नाही. १६ वर्षांच्या मुलाच्या दारूबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो. मुलगा अकरावीला, फुटबॉल खेळतो. गेल्या महिन्यात मित्रांबरोबर पन्हाळ्याला गेला, रात्री दोघांनी धरून घरी आणला. उलट्यांनी कपडे भरलेले. गडावरून निघाल्यानंतरचं सकाळी त्याला काहीच आठवेना. खोदून विचारल्यावर कळलं, नववीपासून चालू आहे. आधी मॅच जिंकली की बिअर, आता महिन्यातून दोनतीनदा आणि बिअरवर भागत नाही. आपल्याकडे बिअरला २१ आणि बाकी दारूला २५ वर्षांची अट आहे, तरी या पोरांना मिळते!

रक्त तपासलं, लिव्हरचे आकडे नॉर्मल. ह्यांचं म्हणणं, "झालं की मग! वय वाढलं की सुटतंय." सासूबाई रोज त्याचे डोळे पिवळे दिसतात का बघतात. मला मात्र ती न आठवणारी रात्र झोपू देत नाही. आत्ता थांबला तरी पुढे काही राहतं का? दाखवायचं कोणाला? मानसोपचाराचं नाव काढलं की घरात "पोरगं काय येडं हाय?" सुरू होतं.

उत्तर:
ताई, मी व्यसनमुक्तीचं समुपदेशन करते. तुमची शंका रास्त आहे. या वयात लिव्हरचे आकडे बहुधा नॉर्मलच येतात, आणि त्यावरून मेंदूचं काही कळत नाही. त्या रात्री आठवणी साठवणारा भाग, हिप्पोकॅम्पस, दारूने बंद पडला होता. वारंवार असं झालं तर स्मरणशक्ती आणि अभ्यासावर परिणाम होतो. मोह आवरणारा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो, म्हणून लवकर सुरू केलेल्यांना व्यसन जडण्याचा धोका बराच जास्त. "वय वाढलं की सुटतं" यावर विसंबू नका.

पण कोवळा मेंदू सावरतोही. आत्ता थांबणं फार मोलाचं आहे. सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा. घरचे अडले तर आधी १४४१६ वर, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे. आणि ओरडण्याआधी विचारा, प्यायल्यावर त्याला नेमकं काय बरं वाटतं.

धागाकर्ती:
फोन केला, सोमवारी सीपीआरला जातोय. रविवारी मॅच आहे. पाठवू का?

उत्तर:
पाठवा, खेळ तोडू नका. फक्त त्याच्या बाबांना मॅच बघायला जाऊ दे आणि येताना दोघं एकाच गाडीवर येऊ देत.