गाडीच्या लांबच्या प्रवासासाठी क्लासिक रॉक कसे निवडावे? मदत हवी आहे

नमस्कार.

आम्ही चौघे लवकरच गाडीने लांबच्या प्रवासाला निघत आहोत. पहाटे अंधारात निघून रात्री उशिरा मुक्कामी पोहोचायचे असा बेत आहे आणि गाण्यांची जबाबदारी सर्वानुमते माझ्यावर आली आहे. साधारण १९६५ ते १९८५ या काळातले रॉकच वाजवायचे, यावर आमचे एकमत झालेले आहे. त्यामुळे इतर प्रकारचे संगीत कृपया सुचवू नये.

गाणी ठाऊक नाहीत अशी माझी अडचण नाही. प्रवासाच्या तयार याद्या हव्या तितक्या मिळतात आणि त्या सगळ्या एकमेकींसारख्या असतात. स्टेपनवुल्फचे ‘बॉर्न टू बी वाइल्ड’ (१९६८), डीप पर्पलचे ‘हायवे स्टार’ (१९७२), गोल्डन इअरिंगचे ‘रेडार लव्ह’ (१९७३), ईगल्सचे ‘टेक इट ईझी’ (१९७२) आणि ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ ही त्यांतली ठरलेली मंडळी. मात्र या याद्या करणाऱ्यांनी बहुतेक वेळा गाण्याच्या शब्दांत रस्ता आहे की नाही, एवढेच पाहिलेले दिसते. बॉब सीगरचे ‘टर्न द पेज’ (१९७३) हे रस्त्यावरचेच गाणे आहे, पण गावोगाव कार्यक्रम करून थकलेल्या गायकाचे आहे, आणि रात्री अकरा वाजता थकलेल्या चालकाला ते ऐकवणे मला तरी योग्य वाटत नाही. म्हणून रस्त्याविषयीची गाणी आणि रस्त्यावर ऐकण्याजोगी गाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे धरून मी निवड करू पाहत आहे आणि नेमका तिथेच अडकलो आहे.

मुख्य पेच आवाजाच्या चढउताराचा आहे. माझी आवडती बरीचशी गाणी अगदी हळू सुरू होतात. लेड झेपेलिनच्या ‘स्टेअरवे टू हेवन’मध्ये (१९७१) ड्रम्स येतात तेच मुळी चार मिनिटे उलटून गेल्यावर. पिंक फ्लॉइडच्या ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’मध्ये (१९७५) गायन सुरू होईपर्यंत आठ मिनिटांहून अधिक काळ लोटतो. घरी हेडफोन लावून ऐकताना हा संथ उलगडा हेच या गाण्यांचे वैभव वाटते. वेगात धावणाऱ्या गाडीत मात्र टायरच्या आणि वाऱ्याच्या घरघरीत तो सारा भाग बुडून जातो. ऐकू यावे म्हणून आवाज वाढवावा, तर पुढे पूर्ण वाद्यमेळ सुरू झाला की मागच्या सीटवर झोपलेला माणूस दचकून उठतो. अशी गाणी सरळ वगळावीत, की यावर काही उपाय आहे?

दुसरा प्रश्न लांबीचा. लिनर्ड स्किनर्डचे ‘फ्री बर्ड’ (१९७३) नऊ मिनिटांहून मोठे, डीप पर्पलचे ‘चाइल्ड इन टाइम’ (१९७०) दहा मिनिटांच्या वर, तर डायर स्ट्रेट्सचे ‘टेलिग्राफ रोड’ (१९८२) चौदा मिनिटांच्या पुढे. सोबत्यांपैकी एकाला अशीच गाणी प्रिय आहेत, दुसऱ्याची बीटल्स आणि क्वीन यांच्यापलीकडे फारशी ओळख नाही, आणि तिसऱ्याला फक्त गाडी चालवताना झोप येऊ नये एवढीच अपेक्षा आहे. सुटी गाणी निवडून मिसळून वाजवावीत, की पूर्ण अल्बम क्रमाने लावावेत, हेही मला ठरवता आलेले नाही. दिवसाच्या कोणत्या वेळी काय वाजवावे याबद्दल कुणी स्वतः विचार केलेला असेल, तर तो विशेष उपयोगी पडेल.

प्रतिसाद १

आपला प्रश्न नेमका आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आवाजाच्या बाबतीत एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. बहुतेक अ‍ॅपमध्ये आवाज समान ठेवण्याची जी सोय असते, ती एका गाण्याचा आवाज दुसऱ्या गाण्याच्या बरोबरीला आणते. एकाच गाण्यातल्या हळू आणि मोठ्या भागांतले अंतर तिने कमी होत नाही. त्यामुळे ती सोय अवश्य चालू ठेवावी, कारण १९६८ चे एखादे गाणे आणि १९८४ चे एखादे गाणे लागोपाठ आले की फरक चांगलाच जाणवतो. परंतु ‘स्टेअरवे टू हेवन’चा प्रश्न तिच्यामुळे सुटणार नाही. काही गाड्यांच्या म्युझिक सिस्टिममध्ये वेगानुसार आवाज आपोआप वाढवण्याची व्यवस्था असते, तिचा थोडा उपयोग होतो. खरा उपयोग होतो तो आवृत्तीच्या निवडीचा. या काळातल्या बहुतेक प्रसिद्ध अल्बमच्या नंतर नव्याने मास्टर केलेल्या, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाच्या आवाजावर पुन्हा संस्कार केलेल्या, आवृत्त्या निघाल्या आणि त्यांपैकी अनेकींत हळू भाग वर उचलून सगळा आवाज एका पातळीला दाबलेला असतो. घरी निगुतीने ऐकणारे रसिक या आवृत्त्यांना नावे ठेवतात आणि ते रास्तही आहे, पण गाडीत हाच दोष सोयीचा ठरतो.

तरीही काही गाणी गाडीसाठी जन्मजात योग्य असतात आणि त्यांची खूण अशी, की ताल पहिल्या काही सेकंदांतच ठरतो आणि शेवटपर्यंत ढळत नाही. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल हे याचे उत्तम उदाहरण. या मंडळींनी १९६९ या एकाच वर्षात तीन अल्बम काढले आणि त्यांची गाजलेली बहुतेक गाणी दोन-तीन मिनिटांत संपतात. त्यांच्या संगीतात हळू कोपरे जवळजवळ नाहीतच, त्यामुळे खिडक्या उघड्या ठेवूनही काही हरवत नाही. बीटल्सपलीकडे न गेलेल्या आपल्या सोबत्यालाही ती लगेच भावतील.

शब्दच नको असतील तेव्हा ऑलमन ब्रदर्स बँडचे ‘जेसिका’ (१९७३) लावावे. बँडचे गिटारवादक डिकी बेट्स यांनी आपल्या लहान मुलीच्या नावाने केलेली ही सात मिनिटांहून मोठी वाद्यरचना आहे. गिटार आणि पियानो आळीपाळीने पुढे येत राहतात, त्यामुळे लांबी जाणवत नाही, आणि गाडीतल्या गप्पांतही तिचा व्यत्यय होत नाही. लांब गाण्यांविषयीच्या आपल्या शंकेचे उत्तरही यातच आहे. किती मिनिटे, याला फारसे महत्त्व नसते. गाणे चालत राहते की मध्ये थांबते, हे पाहावे. ‘फ्री बर्ड’चा पूर्वार्ध संथ असला तरी त्यात ऑर्गन आणि गिटार भरलेली आहेत, म्हणून तो ऐकू येतो आणि पुढच्या वेगवान गिटारची वाट पाहण्यात मजा येते. ‘टेलिग्राफ रोड’ची सुरुवात मात्र इतकी हलकी आहे, की ती गाडी चहासाठी थांबलेली असतानाच सुरू करावी.

‘यस’ या बँडचे ‘राउंडअबाउट’ (१९७१) आपल्या लांब गाण्यांच्या चाहत्यासाठी जरूर ठेवावे. स्कॉटलंडमधल्या एका मोटारप्रवासात वाटेत लागलेल्या असंख्य वर्तुळाकार चौकांवरून ते सुचले, आणि ख्रिस स्क्वायर यांचा बेस असा ठसठशीत आहे, की गाडीच्या घरघरीतही तो वेगळा ओळखू येतो. ‘द हू’ या बँडचे ‘बाबा ओरायली’ही (१९७१) तसेच, ऑर्गनची फिरती आवर्तने पहिल्या क्षणापासून कान धरून ठेवतात. त्या नावातले बाबा म्हणजे मेहेरबाबा, हे जाता जाता सांगतो. हे गाणे लिहिणारे बँडचे गिटारवादक पीट टाउनशेंड त्यांचे अनुयायी होते.

सुटी गाणी मिसळून वाजवताना एक खबरदारी घ्यावी. काही गाणी जोडीनेच ऐकायची असतात. क्वीनचे ‘वी विल रॉक यू’ आणि ‘वी आर द चॅम्पियन्स’ (१९७७), किंवा पिंक फ्लॉइडचे ‘ब्रेन डॅमेज’ आणि ‘इक्लिप्स’ (१९७३) यांची शफलमध्ये (गाणी क्रम मोडून वाजवण्याच्या सोयीत) ताटातूट झाली, की पहिले गाणे अर्ध्यावर तोडल्यासारखे संपते. त्यामुळे शफल बंद ठेवून क्रम स्वतः लावावा, आणि दोन गाण्यांमधली पोकळी काढून टाकणारी सोय चालू ठेवावी. वाटेत नेटवर्क जाणार हे गृहीत धरून सगळे आधीच फोनवर उतरवून घ्यावे, आणि फोन चालकाकडे देऊ नये.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी बव्हंशी सहमत आहे, परंतु पूर्ण अल्बमची बाजू कुणीतरी मांडायला हवी.

हे अल्बम तबकडीसाठी घडलेले आहेत. तबकडीच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटेच नीट मावत, त्यामुळे प्रत्येक बाजूला स्वतःची सुरुवात आणि शेवट असे. सुट्या गाण्यांच्या यादीला असा आकार नसतो आणि तासाभरात सगळे एकसारखे वाटू लागते. आपण तासभर सुटी गाणी आणि मग एखादा पूर्ण अल्बम, असा क्रम ठेवून पाहावा.

त्यासाठी माझी पहिली शिफारस जॅक्सन ब्राउन यांच्या ‘रनिंग ऑन एम्प्टी’ची (१९७७) आहे. दौऱ्यावर असतानाच हा अल्बम ध्वनिमुद्रित झाला: काही गाणी रंगमंचावर, काही हॉटेलच्या खोल्यांत, आणि एक तर चक्क धावत्या बसमध्ये. रस्त्याविषयीचा आणि रस्त्यावर ऐकण्याजोगा, असे दोन्ही असलेला दुसरा अल्बम मला चटकन आठवत नाही. शिवाय ‘टेक इट ईझी’ लिहिणाऱ्या दोघांपैकी एक ब्राउनच होते, त्यामुळे ईगल्सनंतर तो सहज बसतो.

‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) लावणार असाल तर चालकाला आधी सांगून ठेवावे. त्यातले ‘टाइम’ हे गाणे सुरू होताना अनेक घड्याळांचे गजर एकदम वाजतात. रात्रीच्या शांततेत, अंधाऱ्या रस्त्यावर, बेसावध चालकासाठी ही चांगली गोष्ट नव्हे. अल्बमची सुरुवातही हृदयाच्या इतक्या मंद ठोक्यांनी होते, की काहीच वाजत नाही असे समजून कुणीतरी आवाज वाढवतो आणि मग पुढचे सगळे अंगावर येते.

प्रतिसाद ३

फक्त झोपेच्या मुद्द्यावर लिहिते. जोरकस गाण्याने थोडा वेळ तरतरी येते, पण झोप जात नाही. पेंग येत असेल तर गाडी बाजूला घेऊन विश्रांती घेणे किंवा चालक बदलणे एवढाच उपाय आहे. दर दोन तासांनी पंधरा मिनिटे थांबावे, हा सर्वसाधारण सल्ला आहे आणि तो यादी करतानाच तीत बसवता येतो. तसेच वेगवान तालाच्या संगीतासोबत वाहनाचा वेग नकळत वाढतो, असे सिम्युलेटरवरच्या प्रयोगांत दिसून आलेले आहे. ‘हायवे स्टार’ हे विलक्षण गाणे आहे, आणि नेमके म्हणूनच मोकळा सरळ रस्ता आणि ताजा चालक या दोन्ही गोष्टी असतील तेव्हाच ते लावावे.

आणखी एक सुचवते. मधूनमधून काहीही वाजवू नये. सलग रॉक ऐकून कान थकतात आणि दुपारनंतर चांगले गाणेही कटकट वाटू लागते.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नव्याने मास्टर केलेल्या आवृत्त्यांचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नसता.

आता ढोबळ क्रम असा ठरवतो आहे. पहाटे मधल्या वेगाची, सर्वांना परिचित अशी गाणी, त्यांत बीटल्स आणि ईगल्स प्रामुख्याने. उजाडल्यावर क्रीडन्स, नंतर ‘जेसिका’, ‘बाबा ओरायली’ आणि ‘राउंडअबाउट’. डीप पर्पल आणि ‘रेडार लव्ह’ सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर. हे दुसरे गाणे रात्रभर गाडी हाकत प्रेयसीकडे निघालेल्या माणसाचे आहे, म्हणून मी ते रात्रीसाठी राखून ठेवले होते, पण प्रतिसाद ३ वाचून बेत बदलला. जेवणानंतर काही काळ शांतता आणि मग ‘रनिंग ऑन एम्प्टी’ सलग. ‘स्टेअरवे टू हेवन’ आणि ‘शाइन ऑन’ ही दोन्ही गाडीतून काढून मुक्कामासाठी ठेवतो आहे.

एकच जागा रिकामी राहिली आहे. शेवटच्या दोन तासांत, अंधार पडल्यानंतर, जोशही नको आणि गुंगीही नको, असे काय वाजवावे? डोर्सचे ‘रायडर्स ऑन द स्टॉर्म’ (१९७१) मनात आहे, पण त्यातला पावसाचा आणि मेघगर्जनेचा आवाज चालकाला गोंधळात टाकेल का, अशी शंका येते.

प्रतिसाद १

गोंधळात टाकणार नाही, पण गुंगी मात्र आणेल. त्याऐवजी फ्लीटवूड मॅकचा ‘रूमर्स’ (१९७७) पूर्ण लावावा. चाळीसेक मिनिटांचा आहे, ताल ठाम आहे, तीन वेगवेगळे मुख्य आवाज असल्याने कंटाळा येत नाही. त्यातले ‘साँगबर्ड’ तेवढे वगळावे, ते मुख्यतः पियानोवरचे, हळुवार असल्याने गाडीत ऐकू येणार नाही. त्यानंतर डायर स्ट्रेट्सचे ‘सुलतान्स ऑफ स्विंग’ (१९७८) लावावे. मार्क नॉफ्लर यांची गिटार बोलल्यासारखी स्पष्ट वाजते आणि तिच्यासाठी आवाज वाढवावा लागत नाही, त्यामुळे मागे कुणी झोपले असेल तरी चालेल.