हिरवळीतल्या झाडांसाठी जमिनीतले दिवे कोणते घ्यावेत?

प्रश्न: हिरवळीत एक उंच, सरळ खोडाचं झाड आहे, दुसरं पसरट. गवत कापायचं यंत्र वरून फिरतं, म्हणून गाडलेलेच दिवे हवेत. काय बघून घेऊ?

उत्तर: उंच झाडाला १५ अंशांचा अरुंद झोत, पसरट झाडाला ४० ते ६०. उजेडाचा रंग ३००० केल्विन, म्हणजे उबदार पिवळसर पांढरा.

दुसरं उत्तर: झोताआधी पाण्याचं बघा, कळकळीनं सांगतोय. दिव्यावर लिहिलेला आयपी६७ हा पाण्यापासून बचावाचा दर्जा; म्हणजे दिवा एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो, कायम डबक्यात नव्हे. दिव्याखाली भरपूर खडी भरा, पाणी निचरलंच पाहिजे. जोडणी १२ व्होल्टची. खोडाला चिकटून खणू नका, मुळं तुटतात; झाड दिव्यापेक्षा मोलाचं.

प्रश्नकर्ता: पसरट झाडाला एकच दिवा पुरेल?

दुसरं उत्तर: नाही, दोन-तीन लावा, नाहीतर फांद्यांची खोली दिसत नाही. आणि जाळीचे घ्या, डोळ्यांवर उजेड येत नाही.